महाजालाच्या पत्त्यांचा कारभारी

ही आवृत्ती आपण ज्या संकेतस्थळावर वाचत आहात, त्याच्या पत्त्याकडे एकदा नीट पाहावे. टिंबांनी तोडलेले दोन, तीन, क्वचित चार तुकडे दिसतील. टपालाच्या पाकिटावर आपण आधी खोलीचा क्रमांक लिहितो, मग चाळीचे नाव, मग गल्ली, शहर आणि शेवटी राज्य. टपाल खाते मात्र तो पत्ता उलट्या दिशेने वाचते. आधी राज्य, मग शहर आणि खोली सर्वांत शेवटी. इंटरनेटवरील नावेही अशीच उजवीकडून डावीकडे उलगडत जातात. एखाद्या बँकेला वा विद्यापीठाला आपल्या मूळ नावाच्या डावीकडे आणखी एक शब्द आणि एक टिंब जोडून नवे दालन उघडायचे असेल, तर त्यासाठी दिल्लीला अर्ज करावा लागत नाही, अमेरिकेची परवानगी लागत नाही आणि नावाचे वेगळे शुल्कही पडत नाही. डावीकडे जोडलेल्या या नावाला सबडोमेन म्हणतात. संगणकतज्ज्ञांना हे स्वातंत्र्य आज इतके अंगवळणी पडले आहे की, ते कोणीतरी ठरवून दिले होते याची आठवणही फारशी कोणाला नसते. ही व्यवस्था ज्यांच्या देखरेखीखाली आकाराला आली आणि ज्यांनी अनेक वर्षे तिची वही सांभाळली, त्यांचे नाव जॉन पोस्टेल. आडनावाचे टपालाशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग. पण ई-मेल एका संगणकावरून दुसऱ्याकडे कशी जावी याचे नियमही याच गृहस्थांनी लिहिले, हेही इथेच नोंदवायला हवे.

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजलिसच्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे इंटरनेटच्या इतिहासात पुढे गाजलेले दोघेही त्याच शाळेचे विद्यार्थी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील शाखेतून पोस्टेल यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. संगणकशास्त्रातील डॉक्टरेट १९७४ मध्ये मिळाली. विद्यार्थी असतानाच ते प्रा. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले होते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहात असलेल्या अर्पानेट या जाळ्याचे पहिले केंद्र तेच. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे पहिला संदेश गेला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्रॉकर यांनी एक टिपण लिहून सहकाऱ्यांत फिरवले. संगणकांनी एकमेकांशी कोणत्या रीतीने बोलावे याबद्दलचे ते कच्चे विचार होते आणि अधिकारवाणी टाळण्यासाठी त्याला अभिप्रायाची विनंती असे नम्र नाव दिले गेले. आरएफसी या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या टिपणांची मालिका तेथून सुरू झाली. तिच्या संपादनाचे काम पोस्टेल यांच्याकडे आले आणि मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. मजकूर तपासणे, क्रमांक देणे, ढिसाळ लेखन परत पाठवणे असे हे काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते कारकुनी वाटावे. पण इंटरनेटचे जवळजवळ सर्व नियम याच दारातून बाहेर पडले.

दुसरी वही होती क्रमांकांची. जाळ्यावरील प्रत्येक सेवेला एक ठरावीक क्रमांक असला पाहिजे, अन्यथा दोन संगणकांची चुकामूक व्हायची. मे १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी सुचवले की, असे क्रमांक वाटण्यासाठी एक झार नेमावा. आणि तो बहुधा आपणच असावा, असे प्रश्नचिन्ह टाकून जोडले. थट्टेच्या सुरात केलेली ही सूचना सर्वांनी गंभीरपणे मान्य केली. तेव्हापासून नवा प्रोटोकॉल लिहिणारा कोणीही त्यांच्याकडे क्रमांक मागू लागला. १९९२ च्या यादीत टिम बर्नर्स-ली यांच्या वर्ल्ड वाइड वेबसाठी ८० हा क्रमांक नोंदलेला आहे. वेबच्या पुढच्या विस्ताराची कल्पना त्या वेळी कोणालाच नव्हती. यादीतील इतर शेकडो नोंदींसारखीच ती एक ओळ.

१९७७ मध्ये पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. छातीवर रुळणारी दाढी, पायांत सॅंडल, सुट्टी मिळाली की सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पायपीट. सभासंमेलनांत कमीत कमी बोलणे. १९८० च्या आसपास इंटरनेटचे मूलभूत प्रोटोकॉल त्यांच्या संपादनाखाली अंतिम रूपात आले. आपण पाठवताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे, हे त्यांचे सूत्र त्याच काळातले. १ जानेवारी १९८३ रोजी संपूर्ण अर्पानेट जुन्या नियमांवरून नव्या नियमांवर गेले, त्या स्थलांतराचा आराखडाही त्यांचाच होता.

नावांचा प्रश्न याच सुमारास हाताबाहेर जाऊ लागला. तोवर जाळ्यावरील प्रत्येक संगणकाचे नाव आणि क्रमांक एकाच यादीत असत. ही यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ठेवत. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचे, ते नोंद करणार, मग जगभरातल्या प्रत्येक संगणकाने ती यादी उतरवून घ्यायची. संगणक शे-दोनशे होते तोवर हे जमले. पुढे यादी रोज जुनी होऊ लागली. एकाने घेतलेले नाव दुसऱ्याला घेता येईना. गावात एकच तलाठी आणि त्याच्याकडेच प्रत्येक घरातल्या प्रत्येक खोलीची नोंद, असा तो प्रकार होता.

पोस्टेल यांच्यासमोर यावर वेगवेगळे प्रस्ताव होते. त्यांनी ते आपले तरुण सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्या हाती सोपवून मार्ग काढण्यास सांगितले. मोकापेट्रिस यांनी प्रस्ताव बाजूला ठेवून स्वतःचीच रचना उभी केली. नोव्हेंबर १९८३ मध्ये ती दोन आरएफसींच्या रूपाने प्रसिद्ध झाली. तिचे नाव डोमेन नेम सिस्टिम. एका यादीऐवजी एक झाड. मुळाशी फक्त एवढेच लिहिलेले की अमुक फांदी कोणाकडे आहे. त्या फांदीचा धनी पुढच्या फांद्या कोणाला द्यायच्या ते ठरवणार, आणि त्या फांदीवरचा त्याच्या पुढच्या. कोणालाही संपूर्ण झाड माहीत असण्याची गरज नाही. रचनेचे श्रेय निःसंशय मोकापेट्रिस यांचे. परंतु त्या झाडाला पहिल्या फांद्या कोणत्या असाव्यात आणि त्या कोणाच्या हाती द्याव्यात, हा प्रश्न तंत्राचा नव्हता. तो पोस्टेल यांच्या टेबलावर आला.

ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉइस रेनॉल्ड्स या सहकारी महिलेसह त्यांनी पहिली यादी जाहीर केली. उद्योगांसाठी कॉम, शिक्षणसंस्थांसाठी एज्यु, सरकारसाठी गव्ह, सैन्यासाठी मिल, इतर संस्थांसाठी ऑर्ग. आणि देशांसाठी दोन अक्षरी संकेत. नेट थोडे मागाहून आले. देशांच्या बाबतीत पोस्टेल यांनी चतुराई दाखवली, असे म्हणावे लागेल. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, याचा निवाडा करायचा नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या यादीत जी दोन अक्षरे असतील ती घ्यायची, एवढेच. एका वाक्यात त्यांनी जगातले सर्व सीमावाद आपल्या टेबलावरून उचलून दुसरीकडे ठेवले.

मार्च १९९४ मधील १५९१ क्रमांकाच्या आरएफसीत त्यांनी या व्यवहारामागचा विचार स्पष्ट केला. फांदी ज्याच्या हाती दिली तो तिचा मालक नव्हे, विश्वस्त आहे. हक्क आणि मालकी यांची भाषा इथे गैरलागू असून जबाबदारी आणि सेवा यांची भाषा योग्य आहे, असा त्याचा आशय. आणि पुढे अधिक महत्त्वाचे असे की, ही तत्त्वे केवळ वरच्या फांद्यांना नव्हे, तर खाली होणाऱ्या प्रत्येक वाटणीला, प्रत्येक सबडोमेनला तशीच लागू होतात. अमेरिकेचे डॉट यूएस हे डोमेन पोस्टेल स्वतः सांभाळत. ते त्यांनी राज्य, त्याखाली शहर, त्याखाली शाळा-संस्था असे तोडले आणि शहरांची नावे जबाबदारी घ्यायला पुढे येणाऱ्यांच्या हवाली केली. डॉट इन हे भारताचे डोमेन १९८९ चे. अनेक वर्षे त्याची नोंदवही मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती. भारताने डॉट इनखाली डॉट को, डॉट एसी, डॉट गव्ह असे दुसरे मजले बांधले आणि नावे तिसऱ्या मजल्यावर दिली. हा निर्णय इथला होता. २००५ मध्ये नवे धोरण येऊन डॉट इनखाली थेट नावे मिळू लागली, तोही निर्णय इथलाच.

या विश्वासाच्या व्यवस्थेचे पुढे काय झाले ते पाहण्यासाठी काळाच्या थोडे पुढे जावे लागेल. नाव शोधून संगणकाचा क्रमांक मिळाला, म्हणजे पत्र चाळीच्या जिन्यापर्यंत आले. पण चाळीत बिऱ्हाडे चाळीस, पत्र कोणाचे? वेबच्या सुरुवातीच्या काळात ब्राउझर सर्व्हरला फक्त हवे ते पान सांगत असे; कोणत्या नावाने आलो ते सांगत नसे. परिणामी प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र क्रमांक लागे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीने प्रत्येक मागणीत होस्ट नावाची ओळ सक्तीची केली. आता पाकिटावर बिऱ्हाडाचे नाव आले. एकाच संगणकावर, एकाच क्रमांकावर हजार नावे नांदू लागली. जोडीला मोकापेट्रिस यांच्या रचनेत तारांकनाची सोय होतीच. नावांच्या कोष्टकात डावीकडे नुसते फुलीचे चिन्ह टाकले, की कोष्टकात नसलेले कोणतेही नाव त्याच संगणकाकडे येते.

संकेतस्थळ उभारण्याचा तयार सांगाडा म्हणजे वेब फ्रेमवर्क. २००४ मध्ये लोकांसमोर आलेले रूबी ऑन रेल्स हे त्यांतले एक नामवंत. ते ज्या बेसकॅम्प या सेवेतून जन्मले, त्या सेवेत प्रत्येक ग्राहक कंपनीला स्वतःचे सबडोमेन मिळत असे. रीत साधी आहे. आलेल्या मागणीतली होस्टची ओळ वाचायची, नाव टिंबांपाशी तोडायचे, डावीकडचा तुकडा घेऊन ग्राहकांच्या यादीत शोधायचा आणि मागणी त्याच्या दालनाकडे वळवायची. हजारावा ग्राहक आला तरी कोष्टकाला हात लावावा लागत नाही. २०१० मधील रेल्सच्या तिसऱ्या आवृत्तीत मार्गांच्या यादीतच सबडोमेनची अट लिहिता येऊ लागली. लाराव्हेल, फ्लास्क या इतर फ्रेमवर्कांतही अशी सोय आहे.

साधी दिसणारी ही रीत भारतीय प्रोग्रामरला मात्र पहिल्याच दिवशी ठेच लागायला लावते. नाव नेमके कुठे तोडायचे? रेल्स मुळात असे धरून चालते की, शेवटचा एकच तुकडा सार्वजनिक आहे. अमुक डॉट को डॉट इन असे नाव समोर आले, की ते को डॉट इन हेच संकेतस्थळ समजते आणि बिचाऱ्या अमुकला त्याचे सबडोमेन ठरवते! सेटिंगमध्ये शेवटचे दोन तुकडे सार्वजनिक आहेत असे सांगावे लागते, तेव्हा कुठे गाडी रुळावर येते. हा दोष रेल्सचा म्हणता येणार नाही. प्रत्येक विश्वस्ताने आपली फांदी आपल्या मर्जीने तोडायची, हेच तर ठरले होते. मग नावाकडे नुसते पाहून सार्वजनिक भाग कुठे संपतो आणि खासगी कुठे सुरू होतो, हे कळणार कसे? ब्राउझरलाही तीच अडचण. एका दुकानाने को डॉट इन या संपूर्ण फांदीसाठी कुकी ठेवली, तर ती त्या फांदीवरच्या प्रत्येक दुकानाकडे जाईल. म्हणून मोझिलाच्या पुढाकाराने अशा सार्वजनिक शेपटांची एक यादी तयार झाली. स्वयंसेवक ती हाताने अद्ययावत ठेवतात. यादी नको म्हणून झाड लावले आणि झाड समजण्यासाठी पुन्हा यादी आली, ही गंमत पोस्टेल यांना आवडली असती असे वाटते.

गंमत तेवढीच, बाकीचे प्रकरण गंभीर आहे. तारांकन लावले की दार सर्वांना उघडे होते. अनोळखी सबडोमेन आले आणि प्रोग्रामने नकार देण्याऐवजी उदारपणे कोणतेतरी दालन दाखवले, तर एकाचे कागद दुसऱ्याच्या हाती जातात. स्वीकारताना उदार असावे हे सूत्र इथे महाग पडते, आणि ज्या आरएफसी मालिकेचे पोस्टेल संपादक होते, त्याच मालिकेत २०२३ मध्ये या सूत्राचे तोटे सांगणारा लेख प्रसिद्ध झाला. दुसरा धोका विस्मृतीचा. एखादी संस्था जाहिरात मोहिमेसाठी सबडोमेन उघडते, ते बाहेरच्या सेवेकडे वळवते, मोहीम संपते, सेवा बंद होते. कोष्टकातली नोंद मात्र तशीच राहते. ती रिकामी जागा कोणीही भामटा घेऊन बसू शकतो आणि पत्त्यावर नाव मात्र त्या संस्थेचे. २०१३ मध्ये गिटहब या सेवेने वापरकर्त्यांची पाने आपल्या मुख्य नावाखालून काढून वेगळ्या डोमेनवर नेली, तीही सुरक्षेच्या कारणासाठीच. आपल्या नावाखाली परक्यांना जागा देणे किती जोखमीचे, हे ओळखून. सबडोमेन देणाऱ्याने ते सांभाळलेही पाहिजे, हे १५९१ मध्ये येऊन गेलेले आहे.

खालच्या फांद्यांवर हे होण्यापूर्वीच, मुळाशी संघर्ष पेटला होता. डॉट कॉम नावांच्या नोंदणीचे काम १९९३ पासून नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे होते. सुरुवातीला नावे फुकट मिळत. सप्टेंबर १९९५ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी शंभर डॉलर आकारणे सुरू झाले आणि एका कारकुनी कामाचा एकाएकी मोठा धंदा झाला. स्पर्धा असावी, नव्या फांद्या काढाव्यात, असे पोस्टेल आणि अनेक अभियंते म्हणत होते. अमेरिकी सरकार वेगळ्या विचारात होते. झाडाच्या मुळाची प्रत तेरा सर्व्हरांवर असे. मुख्य प्रत नेटवर्क सोल्युशन्सच्या ताब्यातल्या सर्व्हरवर आणि इतर बारा ती तेथून उतरवून घेत.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी या बारांपैकी आठ सर्व्हर चालवणाऱ्यांना ई-मेल पाठवली. यापुढे मुळाची प्रत कंपनीच्या सर्व्हरऐवजी आपल्या सर्व्हरवरून घ्यावी, असे तिचे सार. आठही जणांनी ते केले. कोणी लेखी आदेश मागितला नाही. नासा, संरक्षण खाते आदींकडील उरलेले चार सर्व्हर जुन्या जागीच राहिले. दोन्हीकडची माहिती तंतोतंत एकच असल्याने जगात कोणाचीही ई-मेल अडकली नाही, एकही संकेतस्थळ बंद पडले नाही. पण इंटरनेटचे मूळ काही दिवस दोन ठिकाणी होते. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांच्यापर्यंत बातमी पोहोचताच चक्रे फिरली. पोस्टेल यांना आणि विद्यापीठालाही समज देण्यात आली. आपण केवळ चाचणी घेत होतो, असे पोस्टेल यांनी सांगितले आणि आठवड्याभरात सर्व पूर्ववत केले.

ती खरोखर चाचणी होती की इशारा, यावर आजही एकमत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते ते असे : चाचणी होतीच, पण सर्व्हरांची नव्हे. आपल्यासारखा पदाविना माणूस शब्द टाकतो तेव्हा लोक ऐकतात का, हे त्यांना पाहायचे असावे. लोकांनी ऐकले. आणि नेमके त्यामुळेच सरकारला हे जाणवले असावे की, एवढी मोठी गोष्ट एका माणसावरील विश्वासावर सोडता येणार नाही. मालकीची भाषा गैरलागू मानणाऱ्या माणसाने त्या आठवड्यात मालकासारखे वागून पाहिले, हा आक्षेपही खोडून काढता येत नाही.

३० जानेवारीला अमेरिकी सरकारने नव्या व्यवस्थेचा मसुदा जाहीर केला. मालकी सरकारकडे नको, कंपनीकडे नको, म्हणून एक स्वतंत्र ना-नफा संस्था हवी, हे अखेर ठरले. तिची घटना लिहिण्याच्या कामात पोस्टेल यांचा तो उन्हाळा गेला. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन ही संस्था कॅलिफोर्नियात नोंदली गेली. तिचे तांत्रिक नेतृत्व पोस्टेल यांच्याकडेच जाणार, हे सर्व जण धरून चालले होते. परंतु त्यांचे हृदय पूर्वीपासून नाजूक होते. १९९१ मध्ये त्यांच्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झालेली होती. पुन्हा झडप बदलण्याची वेळ आली आणि त्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजलिस येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचावन्न. आयकॅनची नोंदणी होऊन तेव्हा जेमतेम सोळा दिवस झाले होते.

मित्र व्हिंट सर्फ यांनी दुसऱ्याच दिवशी लिहिलेला मृत्युलेख आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध झाला, क्रमांक २४६८. पोस्टेल यांच्या हातून क्रमांक न घेता निघालेल्या पहिल्या काही टिपणांपैकी तो एक. संपादनाचे काम जॉइस रेनॉल्ड्स आणि बॉब ब्रेडन यांनी पुढे चालवले. इंटरनेट सोसायटीने १९९९ मध्ये त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार मरणोत्तर त्यांनाच दिला. मुळावरची अमेरिकी सरकारची देखरेख संपायला मात्र १ ऑक्टोबर २०१६ उजाडावे लागले. दरम्यान २०१४ मध्ये डॉट भारत हे देवनागरी डोमेन लोकांसाठी खुले झाले आणि नाव, टिंब, सबडोमेन सर्व काही मराठीत लिहिणे शक्य झाले. एखाद्या देशाचे डोमेन एका संस्थेकडून दुसरीकडे सोपवण्याची वेळ आली, की आयकॅनच्या फाइलींत आजही १५९१ चा आधार दिला जातो.